सागरच्या गाळ्यातल्या काठ्या

दिघाशी, ता. भिवंडी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. रीमा हिस,

पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहिलं आणि मग खोडलं. खोडलेलं दिसंल, तर मनाला लावून घेऊ नको. घरात दुसरं पाकीट नव्हतं.

फोन का न्हाय केला, असं तुला वाटंल. दोनदा केला. तुझा भाऊ दौलत बोलला, ‘ती निजलीय,’ आणि ठेवला. त्याचा मला राग न्हाय. तू उचलला असतास तरी सासरा म्हणून मी काय बोललो असतो? सागर गेल्यापासून फोनवर मी ‘हॅलो’च्या पुढं जात न्हाय. लिहिताना निदान थांबता येतं.

काम असं हाय. वळ गावातल्या गाळ्याचा मालक म्हणतो, गाळा रिकामा करा, कुरियरवाले मागतायत. काल जाऊन शटर उघडलं. दिवाळीपासून बंद होतं. आत पोराचं काम जसंच्या तसं पडलंय. गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या भिंतीला उभ्या हायत, त्यांना ज्याच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. मुंबईच्या मैदानावर खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलणारे कॅडी लोक आणून द्यायचे त्याच त्या. काहींच्या मुठीचं रबर मळून काळं झालंय. काहींचं जुनं रबर सागरने कापून काढलंय आणि नवं चढवायचं राहिलंय, नुसता दांडा उघडा. त्या उघड्या दांड्यांकडं मला बघवंना.

कोणी न्यायला आलं न्हाय. एक कॅडी सागरच्या दिवसकार्याला आला होता, तो म्हणाला, ‘बाबा, कोणाला घाई न्हाय, राहू द्या.’ पन पोराने काम घेतलं होतं. ते पुरं करून ज्याचं त्याला पोचवावं, असं माझ्या मनात हाय. भंगारवाला दोनदा डोकावून गेला, त्याला मी हाकललं.

मला ह्यातलं काय येत न्हाय. माझं आयुष्य लूमवर गेलं. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला सांग, डोळे मिटून मारीन. तू त्याच्या शेजारी बसून करायचीस. ‘रीमाचा हात माझ्यापेक्षा हलका हाय,’ असं तोच म्हणायचा. तर कसं करायचं ते सावकाश, मला समजंल असं लिही. न्हाय लिहिलंस तरी माझा आशीर्वाद हायच.

तुझा बाबा,
दामू

* * *

अकलोली
२१ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना नमस्कार.

पत्र पोस्टमनने वहिनीच्या हातात दिलं, तिने माझ्या हातात दिलं. दादाला सांगितलेलं नाही.

मी लिहिणार नव्हते. आई सगळ्या लोकांसमोर म्हणाल्या होत्या, ‘हिने माहेरी बोलावलं नसतं तर माझं पोर आज घरात असतं.’ अंबाडी नाक्याच्या अलीकडे ट्रेलर त्यांच्या अंगावर आला तो माझ्यामुळेच, असं त्यांना वाटतं. म्हणून मी तेराव्यानंतर इथे आले ती तिकडे परत आले नाही. पण तुम्ही उघड्या दांड्यांचं लिहिलंत आणि मला रात्रभर तेच दिसत राहिलं. म्हणून कामापुरतं लिहिते.

आधी नुसत्या मळलेल्या घ्या. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. काठी पाण्यात बुडवायची नाही. मुठीच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यावर अंगठा धरा, आत पाणी गेलं तर राहून जातं आणि दांडा गंजतो. जुना दातांचा ब्रश घ्या. रबरावर रेषा असतात, त्या रेषांच्या वाटेने घासा. मळ म्हणजे दुसरं काही नाही, हाताचा घाम, तेल आणि धूळ. जोर लावू नका. मग ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा. उन्हात नाही. उन्हात रबर तडकतं.

धुतल्यावरही मूठ गुळगुळीत, चकचकीत लागली तर बारीक काचपेपर अगदी हळू फिरवा, चुना घासतो तसा नाही, बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तसा. वरचा मेलेला थर निघाला की खालचं रबर परत हाताला धरतं. पुन्हा एकदा धुवा.

मूठ दाबली आणि चिरा दिसल्या, तर ती काही करून सुधारायची नाही. ती बदलावीच लागते. ते नंतर सांगेन.

तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना?

रीमा

* * *

दिघाशी
१० मार्च २०२४

चि. रीमा,

तुझं पत्र मी पाठ केलंय.

आधी चूक केली ती सांगतो. एका मुठीवर डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं, ते साबणाने जाईना. मी गाडीतलं पेट्रोल काढून लावलं. लूमवर आम्ही हातावरचं ऑइल तसंच काढायचो. रबर फुगलं गं, आणि च्युइंगमसारखं हाताला यायला लागलं. ती काठी कोणा मेहता नावाच्या माणसाची हाय. मी त्या मुठीसमोर डोकं धरून बसलो. पोर असतं तर हसलं असतं.

गाळ्यात नळ न्हाय, म्हणून पिशव्या शेजारच्या काळूरामच्या टेम्पोत घालून घरी दिघाशीला आणल्या. आता ओट्यावर बसून करतो. काचपेपर फिरवायचं जमलंय. तू म्हणालीस ते खरंच हाय. मेलेलं रबर परत हात धरतं. पहिली मूठ तशी झाली तेव्हा मी ती कितीतरी वेळ नुसती धरून बसलो.

तुझ्या सासूने विचारलं, ‘हे कोणी शिकवलं तुम्हाला?’ मी सांगितलं, सागरच्या धंद्यातलं एक माणूस हाय, ते चिठ्ठी पाठवतं. खोटं न्हाय बोललो. पन नाव न्हाय सांगितलं.

ती हल्ली बोलत न्हाय फारसं. दिवसभर कामात असते. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पोर गेलं त्या दिवशी ओरडली तेवढीच. तेव्हापासून डोळ्याला पाणी न्हाय.

आता चिरा गेलेल्या मुठींचं सांग. आणि नवं रबर चढवायचं सांग. त्याची सगळी हत्यारं गाळ्यात हायत, कशाला काय म्हणतात ते मला ठाऊक न्हाय.

तुझा बाबा

* * *

अकलोली
२२ मार्च २०२४

ती. बाबा,

मेहतांच्या काठीचं वाईट वाटून घेऊ नका. यांनीही सुरुवातीला एकदा तेच केलं होतं आणि चार दिवस मला सांगितलं नव्हतं.

जुनं रबर काढायचं तर काठी शिकंज्यात, म्हणजे त्या आवळायच्या लोखंडी पकडीत धरा. तो लाकडी पट्टीच्या टेबलाला बसवलेला आहे. दांड्याला रबरी तुकडा गुंडाळून मगच आवळा, नाहीतर दांडा चेपतो. वाकड्या पात्याची सुरी खणात असेल. कापताना धार आपल्यापासून दूर. दांडा लोखंडाचा असेल तर फारशी भीती नाही. काळा, हलका दांडा असला तर सुरी टेकवू नका, ते मला सोडा... म्हणजे ते जपून करा, नुसती वरवर चीर द्या आणि बाकीचं बोटांनी सोलून काढा.

खालची जुनी टेप खरवडून काढा. निघत नसली तर केस वाळवायचं मशीन फिरवा, माझं तिथेच राहिलंय. मग नवी दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा, सुरकुती नको. नव्या रबराच्या टोकाचं भोक बोटाने दाबून आत टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर ओतून घ्या. आणि मग थांबायचं नाही. एका दमात चढवायचं. अर्ध्यात थांबलात तर तिथेच धरून बसतं, वर जात नाही आणि खालीही येत नाही. चढलं की रेषा सरळ आहेत का बघा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. खोलीची दारं उघडी ठेवा, जवळ चूल, विडी काही नको.

शिकंजा, सुरी, टेपची रिळं यातलं काही कोणाला देऊन टाकू नका. नीट तेलाचं फडकं लावून ठेवा.

इथे सगळं ठीक आहे. सकाळी कुंडाजवळच्या एका लॉजमध्ये हिशेब बघायला जाते. गरम पाण्याला येणारे लोक असतात, वेळ जातो.

रीमा

* * *

दिघाशी
२८ एप्रिल २०२४

चि. रीमा,

फार दिवसांनी लिहितोय, कारण सांगण्यासारखं खूप हाय.

बहुतेक पिशव्या झाल्या. मेहताची मूठ मी नवी चढवली. एका दमात. त्यांच्याकडं नेऊन द्यायला कॅडीबरोबर मीच गेलो. म्हातारा माणूस, माझ्याहून मोठा. त्याने काठी हातात धरली, अंगणात नुसती फिरवून बघितली, आणि विचारलं, ‘सागर का नहीं आया?’ त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तो काठी तशीच धरून खाली बसला. मग त्याच्या बाईने आम्हाला पाणी दिलं.

आता दुसरं. तुझी सासू राहीबाई एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसली आणि ब्रश ओढून घेतला. म्हणाली, ‘तुमचा हात जड हाय. द्या इकडं.’ आणि धुवायला लागली. मी गुरांची ढेप आणायला नाक्यावर गेलो. आलो तर तिने सगळ्या धुऊन ओळीने सावलीत लावलेल्या. त्यातली एक सागरची स्वतःची होती. संध्याकाळी कापलेल्या भातखाचरात जाऊन तो उगाच फिरवायचा ना, तीच. तिला चिठ्ठी नव्हती, म्हणून हिला कळलं न्हाय. त्या मुठीवर त्याच्या अंगठ्याची जागा काळी पडली होती, मी ती मुद्दाम तशीच ठेवली होती. आता कोरी करकरीत झाली होती.

मला बोलायचं नव्हतं. पन माझ्या तोंडाकडं बघून तिने ओळखलं. ‘ही त्याची होती?’ म्हणाली. मी मान हलवली. ‘मग आधी का न्हाय सांगितलंत?’ एवढंच. बादलीत ते काळं पाणी होतं. ते तिने मोरीत ओतलं न्हाय. तिथंच ओट्याखाली झाकून ठेवलं, आणि सकाळी तगरीच्या मुळात घातलं. तेव्हाही रडली न्हाय.

आता तिसरं, आणि हे आनंदाचं. तू लिहिलंस, हत्यारं कोणाला देऊ नका, तेल लावून ठेवा. मी समजलो. मी काय अगदी अडाणी न्हाय. मालकाच्या पाया पडलो, दिवाळीपर्यंत गाळा राहू देतो म्हणाला. शटरला रंग दिला. बोर्ड पुसला. तू ये. सासू बोलंल ते माझ्यावर सोड. तुझा हात हलका हाय, धंदा तुझ्या हातात सागरपेक्षा चांगला चालंल. सकाळी मी तुला गाडीवर वळला सोडीन आणि संध्याकाळी आणीन. कधी येतेस ते कळव, मी अंबाडीला उभा राहीन.

तुझा बाबा

* * *

अकलोली
९ मे २०२४

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचून मी काय केलंय ते माझ्या लक्षात आलं. हत्यारं जपून ठेवा असं लिहिलं ते मी परत येणार म्हणून नाही. ती यांची आहेत, म्हणून लिहिलं. तुम्ही शटरला रंग दिलात. मला आधीच सांगायला हवं होतं.

दादाने माझं लग्न ठरवलंय. वाड्याला, भूपेश म्हणून आहेत. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मेघाली नावाची एक मुलगी आहे, पहिलीत जाणारी. ते दोनदा घरी येऊन गेले. माणूस शांत आहे. मी हो म्हटलंय. श्रावणाच्या आधी वज्रेश्वरीला देवळात करायचं, असं चाललंय. घरात मला कोणी जबरदस्ती केलेली नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही दादावर रागवाल.

अंबाडीला उभे राहू नका बाबा.

राहिलेल्या काठ्यांचं काही अडलं तर विचारा. मी उत्तर देईन.

रीमा

* * *

दिघाशी
२० जून २०२४

चि. रीमा,

मला लिहायला उशीर झाला. रागावलो होतो. कोणावर ते कळेना. तू तरणी हायस, तुझं पुढं व्हायला पाहिजे, हे मला लोकांनी सांगायची गरज न्हाय. तरी त्या रंगवलेल्या शटरसमोरून जाताना मी दुसरीकडं बघतो. मालकाला सांगून टाकलंय, पावसाळा संपला की गाळा घ्या.

आता जे झालं ते लिहितो. तुझी पत्रं मी पेटीत, माझ्या धोतराखाली ठेवली होती. राहीबाईने धुवायला धोतर काढलं आणि पत्रं खाली पडली. तिला वाचता येत न्हाय, पन अक्षर ओळखलं. तू किराण्याची यादी लिहायचीस ना, ती डब्यावर अजून चिकटवलेली हाय. ती पत्रं माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘धंद्यातलं माणूस म्हणजे हीच का?’

मी हो म्हटलं. लग्नाचंही सांगितलं. लपवून काय करू?

मला वाटलं ओरडंल. तसं झालं न्हाय. म्हणाली, ‘लग्न करू दे. माझं काय जातं? पन तिला एक विचारा. कशाला बोलावलंन त्याला? सणाला माहेरी गेली होती, चार दिवसांनी आपली आपण आली असती. दर वेळी यायची तशी. त्याच दिवशी, कामाच्या दिवशी, कशाला बोलावलंन? एवढंच विचारा. मी परत काय विचारणार न्हाय.’

मी म्हटलं, जाऊ दे, आता काय त्याचं? तर म्हणाली, ‘मी रोज निजताना तेच विचारते. मला तेवढं कळलं पाहिजे.’

म्हणून लिहितोय. तुला उत्तर द्यायचं नसंल तर देऊ नको. मी तिला सांगीन, पत्र पोचलं न्हाय.

तुझा बाबा

* * *

अकलोली
२ जुलै २०२४

ती. बाबा,

हे पत्र आधी तुम्ही एकटे वाचा. मग आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी भाऊबीजेला आले तेव्हा मला दिवस गेले होते. मलाच माहीत नव्हतं. इथे आल्यावर उलट्या व्हायला लागल्या म्हणून वहिनी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून सांगितलं. तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाला सहा वर्षं झाली होती. आई दर चतुर्थीला माझ्यासाठी उपास धरायच्या. मी दवाखान्यातून बाहेर येऊन रस्त्यावरच यांना फोन लावला, आणि मग सांगितलं नाही. वाटलं, हे फोनवर सांगायचं नाही. तोंड बघायचं होतं मला त्यांचं. म्हणून म्हटलं, ‘आजच या. एक सांगायचंय.’ ते म्हणाले, ‘काय ते आत्ताच सांग.’ मी म्हटलं, ‘नाही, या तुम्ही.’ ते हसले.

ते यायचे राहिले ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांना कळलंच नाही.

त्यांना दिघाशीला आणलं तेव्हा मला वाटत होतं, आईंना हे सांगायचं. एवढं तरी आहे आपल्याकडे, असं सांगायचं. पण त्या वेळी घर माणसांनी भरलेलं, आणि आई माझ्याकडे बघतही नव्हत्या. पाचव्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. मागच्या न्हाणीत गेले. तिथेच सगळं गेलं. वहिनी आली होती, तिने मला धरलं, तिनेच सगळं धुतलं. तिला मी शपथ घातली.

नंतर काय सांगणार होते? मुलगा गेला, त्याचं लेकरूही गेलं, असं एकाच आठवड्यात त्या आईला कसं सांगू? आणि सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बोलावल्याचा दोष टाळायला काहीतरी सांगते. म्हणून गप्प बसले. मी बोलावलं हे खरंच आहे. आईंचं त्यात काही चुकलेलं नाही.

भूपेशना हे मी सांगितलंय. बाकी दादालाही ठाऊक नाही.

आई जे विचारत होत्या त्याचं उत्तर एवढंच आहे.

रीमा

* * *

दिघाशी
२३ जुलै २०२४

चि. रीमा,

मी एकट्यानेच वाचलं. शेतावर जाऊन, बांधावर बसून. मग घरी येऊन तिला सांगितलं, पोरीने लिहिलंय, उगाच आठवण आली म्हणून बोलावलं होतं.

तिने पत्राकडं बघितलं. म्हणाली, ‘एवढं दोन्हीकडून भरलेलं पत्र, आणि त्यात एवढंच हाय? वाचा. जसं हाय तसं वाचा.’

मी वाचलं. मागच्या न्हाणीचं आलं तिथं थांबलो. पाणी प्यालो, परत वाचलं. शेवटपर्यंत.

ती उठून मागं गेली. मी बघितलं, न्हाणीच्या दारात उभी होती, आत न गेलेली. माझ्या हातात काही न्हाय गं, मी नुसता बघत राहिलो. आपल्याच घरात झालं ते, आपण बाहेर बसलेलो असताना.

दोन दिवस ती तशीच होती. आज सकाळपासून तिने नारळ फोडलेत, गूळ काढलाय, आणि चूल पेटवून बसलीय. मी विचारलं, काय करतेस, तर म्हणाली, ‘तुम्ही मधी बोलू नका.’ तुझा पत्ता मात्र विचारून घेतला. कुंडाकडून डावीकडं का उजवीकडं, असं.

ती आली तर घाबरू नको. काय बोलंल ते मला ठाऊक न्हाय.

तुझा बाबा

* * *

अकलोली
४ सप्टेंबर २०२४

ती. बाबा,

आई तुम्हाला घरी काय सांगतात ते मला ठाऊक नाही. बहुतेक काही सांगत नसतील. म्हणून मी लिहिते.

पहिल्यांदा आल्या तेव्हा जोराचा पाऊस होता. टमटममधून उतरून छत्रीत चालत आल्या, पदराखाली डबा धरलेला. दादा घरात होता, तो उठून उभाच राहिला. वहिनीने पाणी दिलं. आई पाणी प्यायल्या, आणि डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. अळिवाचे लाडू होते.

म्हणाल्या, ‘खा.’

मी म्हटलं, ‘आई, हे...’

‘बाळंतिणीचे हायत. खा.’

मी खाल्ला. माझा लाडू संपेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या. इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मग दादाला म्हणाल्या, ‘लग्न कधी धरलंय?’ दादाने सांगितलं, श्रावणाच्या आधी, दहा-बारा दिवसांत. तर म्हणाल्या, ‘न्हाय. तिचा सवा महिना व्हायचाय अजून.’

दादाला काही कळेना. वहिनी रडायला लागली, तेव्हा त्याला थोडं थोडं समजलं. तरी तो म्हणाला, ‘मावशी, जे झालं त्याला आठ महिने झाले. आता कसला सवा महिना?’

आई म्हणाल्या, ‘झाले असतील आठ महिने. तिला निजवली होती कोणी? शेक दिला होता? पोट बांधलं होतं? दिवसकार्याची भांडी घासत होती ती, थंडगार पाण्यात. मीच सांगितली होती तिला घासायला. पोर पडलं म्हणून बाई बाळंतीण न्हाय होत का? तिचा सवा महिना झाला न्हाय, म्हणजे तो व्हायचा हाय. तो झाल्याबिगर मी तिला ह्या घरातून जाऊ देणार न्हाय. तुमच्या पावण्यांना सांगा.’

दादाने भूपेशना फोन केला. ते म्हणाले, दसऱ्यानंतर करू, आम्ही थांबतो.

तेव्हापासून त्या दर दोन-चार दिवसांनी येत होत्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आल्या की शेगडी पेटवायच्या, ओवा टाकून शेक द्यायच्या. पोटाला, पाठीला तेल लावायच्या. माझं पोट जुन्या लुगड्याने बांधायच्या. मला लॉजवर जाऊ दिलं नाही. मी म्हणायचे, ‘आई, मला आता काही दुखत नाही.’ त्या म्हणायच्या, ‘गप पडून रहा.’ यांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

एकदाच काढलं. पायाला तेल लावता लावता विचारलं, ‘तू फोन केलास, तेव्हा काय म्हणाला तो?’

मी सांगितलं, ‘म्हणाले, एक मूठ आत्ताच चढवलीय, ती बसली की निघतो.’

‘ती बसायला वेळ लागतो ना?’

‘हो. त्यांनी गाळ्यातच जेवण केलं. मला परत फोन करून सांगितलं, जेवलो, आता सावकाश निघतो.’

‘जेवला होता?’

‘हो आई.’

‘म्हणजे घाईत नव्हता निघाला.’

‘नाही आई.’

त्यांचा हात थांबला होता. मग त्या परत तेल लावायला लागल्या. ‘मला वाटायचं, उपाशीच पळत सुटला,’ असं म्हणाल्या.

काल सवा महिना झाला. त्यांनी दिवस मोजून ठेवले होते, मला आठवणही नव्हती. सकाळी आल्या आणि मला कुंडावर घेऊन गेल्या. बायकांच्या बाजूला गर्दी नव्हती. त्यांनी मला पायरीवर बसवलं, अंगाला पीठ लावलं, केस सोडले आणि त्या गरम पाण्याचे तांबे माझ्या डोक्यावरून ओतले. वाफेत मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. शेजारच्या एका बाईने विचारलं, ‘लेक का?’ आई म्हणाल्या, ‘सून. बाळंतीण हाय.’ ती बाई माझ्या आजूबाजूला मूल शोधायला लागली.

त्यांनी माझे केस पुसले, नवीन साडी नेसवली. कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘आता जा. वाड्याच्या पोरीला नीट बघ. तिला आई न्हाय.’

मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग स्वतःचे ओले कपडे तसेच अंगावर ठेवून टमटममध्ये बसल्या. बदलून जा म्हटलं, ऐकलं नाही. ताप तर नाही ना आला? दोन ओळी कळवा.

रीमा

* * *

दिघाशी
९ सप्टेंबर २०२४

चि. रीमा,

ताप न्हाय. बरी हाय.

शेवटची पिशवी परवा देऊन आलो. गाळ्याची चावी मालकाला दिली. तुझ्या लग्नाला आम्ही येणार न्हाय, वाईट वाटून घेऊ नको. तिथं उभं राहायला आमच्यानं होणार न्हाय. पन त्या दिवशी आम्ही दोघं घरात गोड करून खाऊ, असं राहीबाईने ठरवलंय. भूपेशरावांना माझा रामराम सांग. मेघालीच्या डोक्यावरून माझ्या नावाने हात फिरव.

तुला न्हाऊ घालून ती घरी आली, ते लिहितो. ओल्या लुगड्याने दारातच उभी राहिली. आत येईना. मी म्हटलं, ये ना, थंडी बाधंल. तर म्हणाली, ‘पोरीचं झालं. आता माझ्या अंगावर नातवाचं सुतक हाय. ते कोणी पाळलंच न्हाय. पाणी तापवा.’

मी पाणी तापवून मागच्या न्हाणीत नेऊन ठेवलं. पत्र वाचल्यापासून ती त्या न्हाणीत पाऊल टाकत नव्हती, आंघोळीला विहिरीवर जायची. त्या दिवशी आत गेली. दार लावलं. पहिला तांब्या डोक्यावरून घेतल्याचा आवाज आला, आणि मग ती मोठ्याने रडायला लागली. आधी सागरला हाका मारल्या. नंतर ज्याला नाव न्हाय त्याला, ‘बाळा, बाळा’ म्हणून.

पाणी संपलं तरी ती बाहेर आली न्हाय. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा होतो.

तुझा बाबा,
दामू